हाउजीची थैली आणि दोन कोर्टं

शनिवार, १५ जानेवारी २०००

माझ्या बायकोला, विशाखाला, तिच्या शाळेकडून नव्या वर्षाच्या दोन डायऱ्या मिळाल्या. एक तिने ठेवली आणि दुसरी माझ्याकडे सरकवत म्हणाली, "मनातलं यात लिहीत जा, म्हणजे जेवताना बोलणार नाहीस."

तेव्हा मनातलं. कुवेतमधल्या हवल्लीच्या या वकिली ऑफिसात इंग्रजी टायपिस्ट म्हणून लागलो त्याला वर्ष होईल, पण मुद्दाम वाचावी अशी फाइल आज पहिल्यांदा आली. अमेरिकेत तिथल्या मूळ रहिवाशांच्या काही जमातींना स्वतःची जमीन, स्वतःचा कारभार आणि स्वतःचं कोर्टसुद्धा असतं म्हणे. अशा एका जमातीने कॅसिनो काढला आणि तो चालवायला बाहेरची कंपनी नेमली. पुढे फाटलं. जमातीच्या कोर्टाने निकाल दिला की कंपनीने किल्ल्या ठेवून चालतं व्हावं. कंपनी म्हणते, ते कोर्टच आम्ही मानत नाही. म्हणून जमात आता राज्याच्या मोठ्या कोर्टात गेली आहे, की आमच्या कोर्टाचा निकाल तुम्ही अमलात आणा. त्या कंपनीत आमच्या एका कुवेती अशिलाचा वाटा आहे, त्यामुळे त्याची झोप उडाली आहे.

माझे साहेब उस्ताद यूसुफ हे इजिप्तचे. त्यांनी समजावलं की एक कोर्ट दुसऱ्या कोर्टाच्या निकालाला मान देतं ते सक्तीने नव्हे, सौजन्याने. त्याला 'कोमिटी' म्हणतात. किती सुंदर शब्द. कोल्हापूरला एलएलबीची दोन वर्षं केली तेव्हा हा शब्द कुणी सांगितला असता तर मी तिसरंही केलं असतं.

जेवताना विशाखाला कोमिटी समजावली. ती म्हणाली, "डायरी कुठे आहे तुझी?"

शुक्रवार, २८ जानेवारी

आज जलीबच्या कामगार वस्तीत हाउजीला भयंकर प्रकार झाला.

सडेकोंड हे रत्नागिरीकडचं गाव. तिथली पुष्कळ माणसं इथे आहेत, त्यांचं मंडळ आहे. महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी कमाल मुकादमच्या शिलाईच्या दुकानामागच्या खोलीत जेवण आणि हाउजी असते. कमाल त्याच गावचा, शिंपी, पोटाने मोठा आणि मनाने त्याहून मोठा. आम्ही सडेकोंडचे नाही, पण हाउजीपायी जातो.

आकडे पुकारतो जयराम घवाळी. हा रंगारी, बिल्डिंगांच्या रंगाचं काम करतो, जलीबच्याच एका खोलीत सहा जणांत राहतो. एरवी तोंडातून शब्द फुटत नाही, पण थैली हातात आली की ऐकत राहावं. "एक नंबर, आपला कफील." "पन्नास, जुलैची दुपार." "नव्वद, म्हाताऱ्याचा इकामा संपला." कफील म्हणजे ज्याच्या नावावर आम्ही इथे राहतो तो मालक, आणि इकामा म्हणजे राहण्याचा परवाना. तिकिटं तोच वाटतो, थैलीत हात घालून सोंगटी तोच काढतो, बोर्डावर तोच लावतो. मंडळाने त्याला हे काम पाच वर्षांसाठी दिलेलं आहे.

आज फुल हाउसला प्रेशर कुकर होता. राजापूरच्या एका सुताराचा एकच आकडा राहिला होता. जयरामने थैलीत हात घातला, सोंगटी काढली आणि म्हणाला, "एक आणि चार, चौदा." सुतार उभा राहिला. टाळ्या झाल्या.

तेवढ्यात शैलेश घवाळी उठला. हा जयरामचा चुलतभाऊ, एसीच्या कंपनीत सुपरवायझर, टाय लावून हाउजीला येणारा एकमेव माणूस. त्याने खिशातून एक सोंगटी काढून सतरंजीवर ठेवली. चौदा नंबर.

"मागच्या महिन्यात ही मला सतरंजीखाली सापडली," तो म्हणाला. "तेव्हापासून माझ्या खिशात आहे. मग जयरामदादा, तुमच्या हातात चौदा कुठून आला?"

जयरामने मूठ उघडली. एकसष्ट.

सुताराने कुकर हातातून खाली ठेवला, मग पुन्हा उचलला, मग पुन्हा ठेवला. जयराम एवढंच म्हणाला, "जीभ घसरली." आणि थैलीचं तोंड आवळून निघून गेला.

शुक्रवार, ४ फेब्रुवारी

आज सकाळी घरी शिष्टमंडळ. कमाल, शैलेश आणि मंडळाचे आणखी चौघे. विशाखाने दोनदा चहा केला, यावरून गांभीर्य लक्षात यावं.

झालं असं की शैलेशने गावाला फोन केला. सडेकोंडची गावकी देवळात बसली आणि निकाल दिला. तो तालुक्याच्या बूथवरून फॅक्सने आला. त्यावर गावकीचे प्रमुख, गावकर महादेव यांची सही आहे: जयराम सीताराम घवाळी याने हाउजीत खोटा आकडा पुकारून गावाचं नाव घालवलं. त्याने थैली शैलेश घवाळी याच्या स्वाधीन करावी आणि पुन्हा आकडा पुकारू नये. कुवेतच्या मंडळाने हे अमलात आणावं. न झाल्यास शिमग्याला पालखी जयरामच्या अंगणात थांबणार नाही.

जयरामची आई सीताबाई त्या घरात एकटीच आहे. पालखी दारावरून पुढे गेली की त्या घराशी गाव बोलणं सोडतं, हे कमालने मला सांगितलं. "म्हातारी पानी मागायला पण कुनाच्या दारात जाऊ शकनार नाय, वकीलसाहेब."

मला इथे सगळे वकीलसाहेब म्हणतात. मी कधी तसं सांगितलेलं नाही. तसं नाही असंही सांगितलेलं नाही.

मंडळात दोन तट. शैलेशचं म्हणणं, गावकीचा शब्द म्हणजे शब्द. कमालचं म्हणणं, "गावकी तुमची. आमी मोहल्ल्यातले, आमची जमात वेगळी. हाउजी मातर सगळ्यांची. गावकीनं मशिदीतली चटई पन हलवायला सांगितली तर हलवू काय?"

निवाडा बाहेरच्या माणसाने करावा असं ठरलं आणि तो बाहेरचा माणूस मी. अमेरिकेतल्या त्या जज्जासमोर जे आलंय तेच, अगदी तेच, माझ्या दिवाणखान्यात चहा पीत बसलं होतं. मी त्यांना सांगितलं की हा कोमिटीचा प्रश्न आहे.

"कमिटी हायच की आपली," कमाल म्हणाला.

"कमिटी नव्हे, कोमिटी."

"त्याच्यात कोन कोन हाय?"

अर्धा तास गेला. शेवटी शैलेशने बाकीच्यांना समजावलं की वकीलसाहेब नवीन कमिटी नेमतायत.

मंगळवार, ८ फेब्रुवारी

उस्तादांना हळूच विचारलं. नावं सांगितली नाहीत. म्हटलं, एका गावच्या कोर्टाने निकाल दिलाय आणि दुसऱ्या मुलुखातल्या लोकांनी तो अमलात आणायचाय, तर काय काय बघावं?

उस्ताद खूश झाले. त्यांना शिकवायला आवडतं. म्हणाले, आधी हे बघ की घटना घडली कुठे, आणि त्या कोर्टाला तिथला अधिकार होता का. मग बघ की ज्याच्याविरुद्ध निकाल आहे त्याला बोलावलं होतं का, त्याचं ऐकलं होतं का. मग, तुमचे निकाल ते मानतात का? आणि शेवटी, तो निकाल इथल्या नीतीच्या विरुद्ध तर नाही ना?

मी सगळं टिपून घेतलं.

"धंदा कसला आहे त्यांचा?" उस्तादांनी विचारलं.

मी हाउजी म्हणजे काय ते सांगितलं. तिकीट, आकडे, कुकर.

उस्ताद उठले आणि त्यांनी केबिनचं दार लावलं. "दीनानाथ," ते म्हणाले, "हा तर किमार. जुगार. तू मला काही विचारलेलं नाहीस आणि मी तुला काही सांगितलेलं नाही." मग जरा थांबून म्हणाले, "कुकर किती लिटरचा?"

शुक्रवार, १८ फेब्रुवारी

सुनावणी. कमालच्या दुकानात, कापायच्या टेबलामागे मी. सफारी घातली होती. ऑर्डर ऑर्डर म्हणायला काही हवं म्हणून कमालने कापड मोजायचा लाकडी गज दिला, पण तो आपटल्यावर खडूची भुकटी उडते आणि शिंका येतात.

शैलेशने बाजू चांगली मांडली. त्याचं म्हणणं सरळ आहे. आपण परदेशात राहतो, चार लोकांत नाव आहे, खेळ म्हटला तर तो खराच खेळला पाहिजे. "सर, मी ऑडिटमध्ये एक बोल्ट कमी निघाला तर माणसाला घरी पाठवतो. हा माझा भाऊ आहे म्हणून गप्प बसू का?" मला पटलं. मी गज आपटला आणि शिंकलो.

मग जयरामला विचारलं, गावकीने तुला बोलावलं होतं का? नाही. कळवलं होतं का?

शैलेश मध्येच म्हणाला, "घरी कळवलं होतं. काकूला."

"काय म्हणाली ती?"

"म्हणाली, तो आला की सांगते."

तो इथून दोन वर्षांनी सुटीवर जाणार आहे. गावकीच्या कागदावर मात्र 'समज दिली' असं लिहिलंय. हा मुद्दा मी अधोरेखित केला. उस्तादांना अभिमान वाटला असता, पण त्यांना यातलं काही माहीत नसणार आहे.

आता मुख्य. मी जयरामला विचारलं, तू मुद्दाम खोटा आकडा पुकारलास का?

तो म्हणाला, "जीभ घसरली, साहेब."

"एकदाच?"

तो बराच वेळ हातावरचा रंग खरवडत राहिला. "थैली घ्या काढून. मला काय बोलायचं न्हाय. फक्त पालखी थांबू द्या. आईचं काय चुकलं त्यात?"

सुनावणी संपल्यावर मी कागद गोळा करत असताना कमाल जवळ आला. म्हणाला, "वकीलसाहेब, हातात दिलं तर कोन घेत नाय. जिंकलं तर घेतात." काय ते त्याने स्पष्ट केलं नाही. विधान मुद्द्याला सोडून होतं, त्यामुळे कामकाजात घेतलं नाही.

रविवार, २० फेब्रुवारी

विशाखाशी वाद. मी तिला म्हटलं की जयरामच्या काळात जिंकलेल्यांची चौकशी केली पाहिजे. दोघाचौघांना विचारलं तर विचित्रच निघालं. सुतार दुसऱ्या दिवशी सुटीवर जाणार होता. त्याआधी मिक्सर जिंकलेला महादेव गावकरांचा मुलगा, तोही सुटीवर जाणार होता, त्याच्या कंपनीचा पगार तेव्हा थकला होता. बॅग जिंकलेला एक फिटर, त्याला तर कायमचंच परत पाठवलं होतं. याचा अर्थ सुटीवर जाणाऱ्यांची एक टोळी आहे आणि जयराम तिला सामील आहे.

विशाखा भाजी निवडत होती. म्हणाली, "आपण इस्त्री कधी जिंकलो?"

"गेल्या वर्षी, जानेवारीत."

"आणि तुझं आधीचं ऑफिस कधी बंद पडलं?"

"त्याच्या आधीच्या महिन्यात. पण त्याचा काय संबंध? आपण कुठे सुटीवर जाणार होतो? शिवाय मी ती इस्त्री माझ्या लक्षपूर्वक खेळण्यामुळे जिंकलो. माझं टॉप लाइनकडे लक्षच नसतं, मी सुरुवातीपासून फुल हाउसचं धोरण ठेवतो."

तिने माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा भाजीत मान घातली. बायकांना संभाव्यतेचं गणित कळत नाही. ती शाळेत गणितच शिकवते, हे खरं.

रविवार, २७ फेब्रुवारी

अमेरिकेतून फॅक्स आला. तिथल्या जज्जाने कमालच केली. त्याने हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. तो म्हणतो, जमातीचं वरचं कोर्ट आहे ना, मग कंपनीने आधी तिथे अपील करावं. घरच्या कोर्टात सगळं सांगून झाल्याशिवाय माझ्या दारात येऊ नये. तोवर आहे तसं ठेवा.

अशिलाने उस्तादांना फोनवर बरंच सुनावलं. मी मात्र तो फॅक्स दोनदा वाचला. असा निकाल द्यायला छाती लागते. शिवाय कुणीच नाराज होत नाही.

शुक्रवार, ३ मार्च

आज निकाल दिला. जयरामने गावकीपुढे अपील करावं, गावकीने त्याचं ऐकावं, आणि तोवर थैली कोर्टाच्या ताब्यात.

सगळेच नाराज झाले.

थैली कोर्टाच्या म्हणजे आमच्या घरी आली. विशाखाने विचारलं, कुठे ठेवू? म्हटलं, सुरक्षित जागी. तिने तांदळाच्या डब्यात ठेवली. आमच्या लेकीने, स्वराने, शोधून काढली आणि आता रोज मैत्रिणींना जमवून खेळते. मी म्हटलं, बाळा, तो कोर्टाचा पुरावा आहे. ती म्हणाली, "बट बाबा, इट्स फन."

शुक्रवार, १० मार्च

अपील झालं. सविस्तर लिहितो.

कमालच्या दुकानात स्पीकरवाला फोन आहे. तिकडे महादेव गावकरांच्या घरी फोन, पडवीत सगळी गावकी, आणि मुद्दाम बोलावून आणलेल्या सीताबाई. इकडे आम्ही पंधरावीस जण शिलाई मशिनींच्या मधून जिथे जागा मिळेल तिथे. जयराम दाराशी. शैलेश टायमध्ये.

मी सुरुवात केली. "सन्माननीय गावकीला कुवेत मंडळातर्फे सादर प्रणाम. प्रथम कोमिटीच्या तत्त्वाविषयी."

"कोन बोलतंय?" महादेव गावकरांचा आवाज.

"दीनानाथ बुधकर. मूळचा कोल्हापूरचा."

"कोल्लापूरचा मानूस आमच्यात कसा?"

मी समजावलं. लाइन खरखरत होती. मी अमेरिकेच्या जमातीचं उदाहरण दिलं. तिकडे कुणीतरी विचारलं की अमेरिकेतसुद्धा गावकी आहे का, आणि मी होय म्हटल्यावर पडवीत समाधानाची कुजबुज झाली. ते माझ्या बाजूने गेलं असावं. मग मी म्हटलं की जयरामला समज मिळालेलीच नव्हती, घटना कुवेतमध्ये घडली, आणि शिक्षा सीताबाईंना का?

महादेव गावकर म्हणाले, "ता सगला खरा. पन खोटा आकडा पुकारलान की न्हाय?"

मी जयरामकडे पाहिलं. तो फोनजवळ आला आणि म्हणाला, "पुकारला, म्हादूकाका."

तिकडून सीताबाईंचा म्हातारा आवाज आला, अगदी शांत.

"म्हादू, तुज्या घरात मिक्सर कुटनं आला रे?"

"काकी, त्याचा हिकडं काय?"

"आसंच विचारतंय. सून चटनी वाटते ना त्याच्यात. तुज्या लेकान जिकलान ना हाउजीत? त्या साली तो मोकल्या हातान येनार होता. पगार न्हवता. मानसाच्या तोंडावर सांगत फिरलास तू, लेकान मिक्सर जिकलान, नशीब काडलान."

पडवीत आता बायकांचे आवाज यायला लागले. कुणाच्या घरी कुकर आला होता, कुणाच्या घरी थर्मास, कुणाच्या लग्नात इस्त्री दिली गेली होती. सगळ्या वस्तू हाउजीतल्या. एक बाई म्हणाली, आमच्या ह्यांनी नव्वद नंबरावर जिकलान. दुसरी म्हणाली, आमच्या ह्यांनीपन. इकडे दुकानात पाचसहा जण खाली बघू लागले.

मला तेव्हा काहीतरी समजल्यासारखं झालं. माझ्याबरोबर आलेल्या विशाखाने कोपऱ्यातून माझ्याकडे बघितलं. मी सफारीची बाही सारखी केली. तिची घडी नेहमी नीट बसते, इस्त्री चांगली आहे.

महादेव गावकर म्हणाले, "फोन चालू ठेवा. आमी चाय घेतो." कमालने कपाळाला हात लावला, कारण बिल त्याचं.

चहा झाला. निकाल आला. गावकी म्हणते: पालखी सीताबाईच्या अंगणात थांबेल, दर वर्षी थांबते तशी. पण खोटा आकडा तो खोटाच, तेव्हा जयरामच्या हातात थैली नको. आणि सापडलेली सोंगटी महिनाभर खिशात ठेवणारा माणूसही खेळाशी खरा वागला नाही, तेव्हा शैलेशच्या हातातही नको. थैली कोल्हापूरच्या माणसाकडे राहू दे. त्याला कुणाचं काही कळत नाही.

शेवटचं वाक्य माझ्या निष्पक्षपणाविषयी होतं.

मी मंडळाला विचारलं, हा निकाल अमलात आणायचा का? कमाल म्हणाला, "आता ऐकून घेतलान ना मानसाचं. आता मानू." शैलेशनेही मान हलवली. निघताना जयराम माझ्या पाया पडायला वाकला. मी त्याला धरलं. त्याच्या शर्टाला टर्पेंटाइनचा वास येत होता. मी त्याला उगाचच इकाम्याची मुदत विचारली.

शुक्रवार, २४ मार्च

शिमगा झाला. गावाहून कळलं की पालखी सीताबाईंच्या अंगणात इतर घरांपेक्षा जास्त वेळ नाचवली. खांदा द्यायला शैलेशचा सख्खा भाऊ होता. शैलेशने हे मला स्वतः फोन करून सांगितलं आणि वर म्हणाला, "तत्त्व वेगळं सर, माणसं वेगळी." तो वाईट माणूस नाही.

शुक्रवार, ३१ मार्च

पुकारणारा म्हणून माझी पहिली हाउजी. स्वच्छ, पारदर्शक, निर्दोष. प्रत्येक सोंगटी काढून दोन्ही बाजूच्या माणसांना दाखवली. सोंगटी परत गेली नाही, हेही दाखवलं. आकडे नुसते आकडे म्हणून पुकारले, जुलैची दुपार वगैरे नाही.

फुल हाउस एका पाहुण्याला लागलं. कुणाचा तरी ओळखीचा इंजिनियर, सालमियाहून स्वतःच्या गाडीने आला होता. बक्षीस होतं डिनर सेट. तो म्हणाला, "अरे, घरी तीन आहेत, डिकीत जागा पण नाही. द्या ना कुणालातरी."

कुणीच हात पुढे केला नाही. सोमवारी सुटीवर जाणारा एक प्लंबर होता, कमालने त्याला म्हटलं, तू घे. त्याची मान ताठ झाली. "मी काय भिकारी हाय?" तो म्हणाला आणि चपला घालून बाहेर गेला.

डिनर सेट कमालच्या दुकानात पडून आहे. त्यावर कापडाचे तागे ठेवतात.

जयरामने आज तिकीट घेतलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा खेळला. आकडे कसे खोडायचे ते त्याला नीट जमत नव्हतं.

मंगळवार, १८ एप्रिल

फॅक्स. कंपनी जमातीच्या वरच्या कोर्टात हरली. तिथे त्यांचं सगळं ऐकून घेतलं गेलं. राज्याच्या कोर्टाने मग चार ओळींत तो निकाल अमलात आणला. कंपनीने किल्ल्या दिल्या. आमच्या अशिलाने उस्तादांना बदलायची धमकी दिली, पण ती तो दर वर्षी देतो.

उस्ताद म्हणाले, "तुझ्या त्या गावाचं काय झालं, ज्याविषयी तू मला काही विचारलं नव्हतंस?"

मी म्हटलं, तिथेही कोमिटी झाली.

"आणि आता कॅसिनो कोण चालवतं?"

मी फाइल आवरायला घेतली. ते बराच वेळ हसत होते.

सोमवार, २४ एप्रिल

शैलेशची नोकरी गेली. कंपनीचं कंत्राट संपलं, सुपरवायझर नको झाले. पुढच्या आठवड्यात बायकोला घेऊन कायमचा परत चाललाय. कमालकडून कळलं. शैलेशने कुणाला सांगितलेलं नाही. भेटला तेव्हा टाय होता. म्हणाला, "सध्या जरा दोनतीन ऑफर्स बघतोय, सर."

जयराम संध्याकाळी घरी आला. आत ये म्हटलं तरी दारातच उभा राहिला. म्हणाला, "साहेब, शुक्रवारी बक्षीस काय हाय?"

म्हटलं, मोठी बॅग. चाकांची.

"बरं हाय," तो म्हणाला, आणि गेला. एवढंच विचारायला जलीबहून दोन बस बदलून आला होता.

शुक्रवार, २८ एप्रिल

हाउजी झाली.

शैलेश बायकोसह आला होता. दोघं नीटनेटकी, हसतमुख. जयराम त्याच्या शेजारी जाऊन बसला. फोनवरच्या त्या अपिलानंतर दोघं एका सतरंजीवर बसल्याचं मी पाहिलं नव्हतं.

खेळ नेहमीसारखा. टॉप लाइन कुणाला तरी गेली, मधली कुणाला तरी. पुढे आकडे येत राहिले, फुल हाउस काही होईना. जयराम स्वतःच्या तिकिटाकडे बघतच नव्हता. तो शैलेशच्या तिकिटात डोकावत होता, आणि एकदा जरा मोठ्यानेच म्हणाला, "ह्याचा एकोननव्वदच रायलाय फक्त."

शैलेशने तिकीट हाताने झाकलं.

मी थैलीत हात घातला आणि सोंगटी काढली. सोंगटी गोल असते. हातात कशीही येते. या सोंगट्या जुन्या आहेत, आकडे इंग्रजी, आणि खालची बाजू कळावी म्हणून असलेली रेघ केव्हाच पुसली गेली आहे. दुकानात ट्यूबलाइट एकच. मी पाहिलं तेव्हा मला एक आकडा दिसला. मग मी सोंगटी जरा फिरवली. दुसरा दिसला.

मी म्हटलं, "आठ आणि नऊ, एकोणनव्वद." आणि काय झालं कोण जाणे, पुढे तोंडातून निघून गेलं, "आता दारातनं आत."

कमाल मोठ्याने हसला. टाळ्या झाल्या. शैलेशच्या बायकोने दोन्ही हात तोंडावर धरले.

शैलेश उठून टेबलाशी आला. मला वाटलंच होतं. "सोंगटी बघू, सर," तो म्हणाला. मी दिली. त्याने ती तळहातावर ठेवली, पाहिली. मग बोटाने अर्धी फिरवली, पुन्हा पाहिली. त्याने मान वळवून जयरामकडे बघितलं. जयराम आपल्या कोऱ्या तिकिटावर काहीतरी खोडत होता.

शैलेशने सोंगटी पुन्हा अर्धी फिरवली आणि आपल्या हाताने बोर्डावर एकोणनव्वदच्या घरात लावली.

"बरोबर आहे," तो म्हणाला. मग त्याने बॅग उचलली, आणि जयरामने दुसऱ्या बाजूने धरली, रिकामीच होती तरी.

घरी येताना बसमध्ये, हवल्ली आल्यावर विशाखा म्हणाली, "अडुसष्ट काही आज निघालाच नाही, नाही का?"

मी म्हटलं, "निघाला असता. तोवर खेळच संपला."